सज्ञान झाला, फी कोणी भरायची?

बारावीची परीक्षा, सीईटी किंवा नीट, प्रवेशाच्या फेऱ्या आणि अठरावा वाढदिवस हे सगळं आपल्याकडे साधारण एकाच वर्षात येतं. घटस्फोटित आईच्या घरी त्याच वर्षी मुलाची खावटीही थांबते. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतलं मूल ‘अज्ञान’, नंतरचं ‘सज्ञान’. ज्ञानाला खरा पैसा लागायला लागतो नेमका तेव्हाच मुलगा सज्ञान ठरतो. हा विनोद भाषेचा की कायद्याचा, कोण जाणे.

“मतदान करतो ना? मग कमवावं की!” असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने कायद्याचं अक्षर आहे, हे मान्य. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 असो की जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, सज्ञान मुलाला खावटी मिळते ती शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे तो स्वतःला पोसू शकत नसेल तरच. मुलीची स्थिती थोडी बरी. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याचं कलम 20 सज्ञान झाल्यावरही आधार देतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ या निकालात स्पष्ट केलं.

पण हे अक्षर न्यायालयांनाही बोचू लागलंय. जून 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका बापाला, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत, त्याच्या आईला दरमहा 15,000 रुपये द्यायला लावले. मुलगा अठराचा झाला म्हणून सगळा भार एकट्या आईवर पडू शकत नाही, हे त्यामागचं कारण.

सज्ञान मुलाच्या फीची बापावर सक्ती नको म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. एकत्र नांदणाऱ्या घरातल्या बापाने मुलाला इंजिनिअरिंगला पाठवायचं नाकारलं, तर त्याला कोणी कोर्टात खेचत नाही. मग वेगळ्या झालेल्यावरच सक्ती का? कारण त्या घरातल्या बापाला रोज रात्री त्याच मुलासमोर जेवायला बसायचं असतं. बायको विचारते, आजी विचारते, शेजारी पेढे मागायला येतात. घटस्फोटाने ही सगळी माणसं बापाच्या आयुष्यातून उठवलेली असतात. त्यांची रिकामी जागा न्यायाधीशाने भरायची, एवढंच मागणं आहे.

“शैक्षणिक कर्ज काढा,” असाही सल्ला मिळतो. बँकेत जाऊन पाहा, सहकर्जदार म्हणून पहिल्यांदा पालकाचीच सही मागतात. म्हणजे पुन्हा आईच.

राहिली “ती पैसे स्वतःवर उडवते” ही तक्रार. त्यावर उपाय सोपा आहे: फी थेट कॉलेजच्या खात्यात भरा. तरीही कुरकुर उरली, तर दुखणं फीचं नव्हतंच.

मात्र जुना आकडा आणखी चार वर्षं तसाच रेटावा, असं माझं म्हणणं नाही. कॉलेजला जाताना हिशेबच नव्याने मांडावा लागतो. मुलगा होस्टेलला गेला की आईच्या घरचं दूध-किराणा कमी होतं आणि मेसचं बिल सुरू होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर ती वजा व्हावी. आई कमावती असेल तर तिनेही ऐपतीप्रमाणे वाटा उचलावा; 2020 च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालाने हेच सांगितलं, शिवाय क्लासचा खर्चही हिशेबात धरायला लावला. आणि मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेण्याआधी बापाला निदान विचारावं. बिल द्यायचं त्याने आणि निर्णय मात्र त्याला व्हॉट्सॲपवर कळायचा, हे बरं नव्हे.

खरी चूक होते ती बारा-पंधरा वर्षं आधी, संमतीने घटस्फोट घेताना. मूल बालवाडीत असतं, दोघांनाही कधी एकदा सुटतो असं झालेलं असतं आणि कन्सेंट टर्म्समध्ये वकील सवयीने लिहितो, “मुलगा सज्ञान होईपर्यंत”. तिथेच “पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत, फी, होस्टेल व पुस्तकांचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात” एवढी एक ओळ जास्त टाईप करायला किती वेळ लागतो?