औषध कातडीखाली, किल्ली कोणाकडे?

हाडे ठिसूळ झालेल्या बायकांना टेरिपॅराटाइड नावाचे औषध देतात. रोज एक इंजेक्शन, तेही दोन वर्षांपर्यंत! कंटाळून मध्येच सोडणाऱ्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. म्हणणाऱ्याने पहाटे पाणी भरून, डबे करून, वर स्वतःला सुई टोचून घेऊन पाहावे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट लँगर, मायकेल सिमा आणि जॉन सँटिनी यांनी यावर वेगळा विचार केला. १९९९ साली त्यांनी सिलिकॉनची एक चिप जगापुढे मांडली. लांबी-रुंदी १७ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. तीत ३४ बारीक खळगे, खळग्यात औषध, तोंडावर सोन्याचा पापुद्रा. सुमारे एक व्होल्ट वीज दिली की खारट द्रवात तो पापुद्रा विरघळतो आणि तेवढेच औषध बाहेर येते.

पुढे डेन्मार्कमध्ये ६५ ते ७० वयाच्या आठ स्त्रियांच्या कंबरेखाली, जागा बधिर करून, असे उपकरण बसवले. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. बाहेरून बिनतारी संदेश देऊन रोज एक डोस, असे वीस डोस सोडले. सात जणींत औषधाने इंजेक्शनसारखेच काम केले. आठवीच्या उपकरणाने दगा दिला, हेही शास्त्रज्ञांनी लपवले नाही. अजून मात्र ही चिप दवाखान्यात सर्रास मिळत नाही.

याच धर्तीवर सोळा वर्षे चालणारे गर्भनिरोधक करण्याचे काम नंतर सुरू झाले. स्त्रीने ते स्वतः बंद-चालू करावे, ही कल्पना. ऐकायला छान आहे. पण १९९१ साली कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाने एका कृष्णवर्णीय आईला तुरुंगातून लवकर सुटण्यासाठी कोणती अट घातली होती? दंडात नॉरप्लांट बसवून घे! त्या सहा नळ्या पाच वर्षे गर्भ राहू देत नसत, आणि डॉक्टरने कापून काढल्याशिवाय निघत नसत. तिथे तर रिमोटही नव्हता.

म्हणून माझ्या भगिनींनो, उद्या कोणी असले यंत्र घेऊन तुमच्या वस्तीत आलेच, तर कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. बंद करण्याचे बटण कोणाच्या हाती राहील? बिघडले तर कुठे यायचे? आणि मला नको झाले तर काढून कोण देणार, किती पैशांत?