सुगंध म्हणजे पाकी नव्हे

घरात शिरताच फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ, ही समजूत जाहिरातींनी आपल्या डोक्यात घट्ट बसवली आहे. लिंबाचा वास, चमेलीचा वास, गुलाबाचा वास. पैसे आपण सफाईचे मोजतो आणि घरी आणतो बरेचसे पाणी, रंग आणि अत्तराची नक्कल. इतर कोणी याला फसले तर एक वेळ समजू शकते. पण दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्या, लहानपणापासून पाक-नापाक हा फरक शिकलेल्या माणसांनी तरी वासाला सफाई म्हणू नये.

तहारतीबाबत आपले फिकह रोखठोक आहे. नजासत निघाली पाहिजे. दिसणारी घाण असेल तर ती जाईपर्यंत धुवायचे. नापाक कपड्यावर अत्तर शिंपडले म्हणून तो पाक होत नाही, हे मदरशातले लहान पोरही सांगेल. हनफी मतानुसार तर पाण्याखेरीज सिरका, गुलाबपाणी अशा पाक आणि पातळ द्रवानेही कपड्यावरची नजासत काढता येते. शाफई मतात त्यासाठी पाणीच लागते, तेव्हा कोकणातल्या आपल्या शाफई भावंडांनी शेवटी पाण्याने धुवावे. वजू मात्र दोन्हीकडे पाण्यानेच. मय्यतीच्या गुसलच्या पाण्यात बोरीचा पाला घालण्याची रीतही आपलीच. झाडपाल्याने आणि सिरक्याने सफाई करणे हे काही मोबाईलवरच्या व्हिडिओंनी आपल्याला शिकवलेले नाही.

आता ज्याला 'बायोएन्झाईम' असे भारदस्त नाव मिळाले आहे, ते काय आहे? १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली आणि १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या बरणीत घालायचे, वर एक तृतीयांश जागा रिकामी सोडायची. काचेची बरणी नको, कारण आत वायू साठून ती फुटू शकते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. तीन महिन्यांनी गाळून घ्यायचे. ऊस पिकवणाऱ्या जुन्नर तालुक्यात गुळाची काय कमी? आमच्या ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी रसवंतीवर लिंबे पिळली जातात, त्यांच्या साली उकिरड्यावर जातात. कच्चा माल दारात पडला आहे.

काही जण विचारतात, आंबवलेले आहे, मग पाक कसे? गूळ आंबताना आधी थोडा अल्कोहोल तयार होतो, पुढे त्याचे आम्ल होते. सिरका असाच बनतो. दारू आपोआप सिरका झाली तर ती पाक, यावर चारही मजहब एकमत आहेत. तरीही मनात शंका राहिली तर आपल्या आलिमांना विचारा, पण शंकेचे निमित्त करून ऍसिडची बाटली आणू नका.

कारण खरे भांडण त्या बाटलीशी आहे. बोअरच्या जड पाण्याने नळावर, बादलीवर, संडासच्या भांड्यावर पांढरा थर बसतो, म्हणून आपण ऍसिड ओततो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी लक्ष्मी प्रकरणात ऍसिडच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहायचे, नोंदवही ठेवायची, १८ वर्षांखालील मुलांना विकायचे नाही. आणि आपण तेच ऍसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवतो, जिथे लहान मुलाचा हात पोचतो! शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड. ऍसिड त्यालाही खाते. सेप्टिक टाकीत मैला कुजवणारे जिवाणूही त्याने मरतात. आणि जो माणूस ते ओततो, त्याच्या छातीत धूर जातो. मशिदीचा संडास धुणाऱ्याच्या खोकल्याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

पांढरा थर काढायला सालींचे आंबट पाणी पुरते. रात्री लावून ठेवा, सकाळी घासा. तांब्या-पितळेला लिंबाची साल आणि मीठ. तेलकट भांड्याला राख आणि काथ्या. लोकरीला रिठा. आपल्या दादीजानची मोरी याच सामानावर चालत होती.

पण व्हिडिओवाल्यांचा दुसरा खोटेपणाही चालू द्यायचा नाही. हे पाणी सगळे जंतू मारत नाही. घरात जुलाब-उलटीचा आजारी असेल तर साबण, गरम पाणी आणि ब्लीचिंग पावडरच हवी. आणि ब्लीचिंगमध्ये हे आंबट पाणी किंवा कुठलेही ऍसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. संगमरवरी किंवा शहाबादी फरशीवर ते वापरू नका. सोडा आणि सिरका एकत्र करून फेस काढण्याचा तमाशाही बंद करा. दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि उरते थोडे खारट पाणी.

आणखी एक. या सगळ्या कृती 'भगिनींनो' म्हणून सुरू होतात. साली चिरायच्या भगिनींनी, झाकण सोडायचे भगिनींनी, आणि भाईजान बैठकीत पर्यावरणावर भाषण देणार. रसूलुल्लाह (स.) घरातली कामे स्वतः करत, आपले कपडे स्वतः शिवत, हे जुम्याच्या बयानात ऐकताना मान डोलवणाऱ्यांनी निदान बरणीचे झाकण तरी उघडावे.

येत्या रमजानमध्ये हिशेब करून पाहा. पहिल्या अशऱ्यात इफ्तारच्या दस्तरखानावर मोसंबी-संत्र्याच्या जितक्या साली उरतील, त्या मशीद कमिटीने एका पिंपात घालाव्यात. रमजान, शव्वाल, जिल्काद आणि जिल्हजचे दहा दिवस, म्हणजे ९० दिवस सहज भरतात. बकरी ईदच्या आधी वजूखान्याचे नळ आणि संडास त्या पाण्याने घासून निघतील. पिंपावर तारीख लिहा आणि झाकणाची पाळी पुरुषांमध्ये वाटून द्या.