एक रुग्ण, चार खाती

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात प्रशिक्षणाचा अभाव आहे, हे रडगाणे आता थांबवले पाहिजे. प्रशिक्षण भरपूर होते. ते चुकीच्या पद्धतीने होते. पोलीस आपल्या अकादमीत शिकतात, डॉक्टर वैद्यकीय संस्थेत, समुपदेशक समाजकल्याणाच्या कार्यशाळेत, तुरुंगाधिकारी आणखी कुठेतरी. रुग्ण मात्र एकच असतो आणि अनेकदा त्याला या चारही दारांतून जावे लागते.

दोन उदाहरणे पुरेत. दारूवर सर्वस्वी अवलंबून असलेला इसम अटकेत पडतो आणि त्याची दारू अकस्मात बंद होते. पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. त्यानंतर कंप आणि भ्रमाची जी अवस्था येऊ शकते, ती उपचारांवाचून प्राणघातक ठरू शकते. कोठडीवरील शिपायाला ते सोंग वाटते. ज्याला ते ओळखता आले असते त्या डॉक्टरला कोणी कळवलेलेच नसते. दुसरे उदाहरण तुरुंगातून सुटणाऱ्या हेरॉइनग्रस्ताचे. बंदिवासात त्याच्या शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते. जुनीच मात्रा आता जीव घेऊ शकते. सुटकेची तारीख तुरुंगाला ठाऊक, धोका डॉक्टरला ठाऊक, घरची परिस्थिती समुपदेशकाला ठाऊक. तिघे एकमेकांना मात्र ठाऊक नाहीत.

कायदा याबाबतीत प्रशासनापेक्षा शहाणा आहे. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. पोलीस, रुग्णालय आणि न्यायालय यांनी हातात हात घातल्याखेरीज हे कलम राबवता येत नाही. हातात हात घालायला त्यांना शिकवले कोणी?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाले होते. यावर खाटा वाढवा, असे ठरीव उत्तर दिले जाते. खाटा हव्यातच, पण त्या खाटेपर्यंत रुग्णाला पोहोचवायचे कोणी? पोलीस गुन्हे मोजतात, रुग्णालय दाखले मोजते, प्रशिक्षण संस्था प्रमाणपत्रे मोजते. एका खात्याने दुसऱ्याच्या हाती रुग्ण सुखरूप सोपवला, याची नोंद कोणाच्याच वहीत नाही. ज्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही ते काम होत नाही, हा अर्थशास्त्रातला अगदी प्राथमिक धडा आहे.

पोलिसांसमवेत बसल्यास रुग्णाची गोपनीयता धोक्यात येईल, असा आक्षेप समुपदेशक घेतात. तो गंभीर आहे. पण काय सांगावे आणि काय सांगू नये, याची मर्यादा आखायची तरी एकत्र बसूनच आखावी लागेल. वेगवेगळ्या खोल्यांत ती आखली जात नाही.

२०२० साली २७२ जिल्ह्यांपासून आरंभ झालेल्या नशामुक्त भारत अभियानाने जिल्हा समित्या उभ्या केल्या. शपथा आणि प्रभातफेऱ्या यांपलीकडे त्यांना एक काम द्यावे: ठाणेदार, तुरुंगाधिकारी, शासकीय डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांना वर्षातून किमान तीन दिवस, नावे वगळलेल्या प्रत्यक्ष प्रकरणांवर एकत्र बसवणे. त्यांच्यासोबत व्यसनातून बाहेर पडलेली एक व्यक्तीही असावी; अशा माणसांना कार्यकर्ते करण्याचे मोल पुण्याच्या मुक्तांगणाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. पुढील वर्षीचा निधी देताना प्रशिक्षणार्थींची संख्या विचारू नये. कोठडीतून रुग्णालयात आणि तुरुंगातून उपचारकेंद्रात किती जण पोहोचले, एवढेच विचारावे.