तांड्यावरची दिवाळी

दिवाळी म्हटली की फराळाची ताटे आणि आकाशकंदील आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, परळी या बाजूंना गावाबाहेर माळाच्या कडेला बंजाऱ्यांचे तांडे लागतात. तेथली दिवाळी निराळी. अमावास्येच्या रात्री अविवाहित मुली हातांत दिवे घेऊन आधी नायकाच्या आणि मग घरोघरच्या दारी जातात, वडीलधाऱ्यांना गाण्यातून शुभ चिंतितात. याला ‘मेरा’ मागणे म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याच मुली नटूनथटून रानात जातात आणि खुडून आणलेली फुले शेणाच्या गोधनाला वाहतात.

गुराढोरांविषयीचा हा आदर उगाच नव्हे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचे, हा या लोकांचा पिढीजात धंदा. त्याला ते ‘लदेणी’ म्हणत. मोगलांच्या दख्खनमधील फौजा त्यांच्याच धान्यावर पोसल्या. १८०३ च्या असईच्या मोहिमेत वेलस्लीलाही त्यांच्या बैलांवर विसंबावे लागले. पुढे आगगाडी आली, पक्के रस्ते झाले आणि लदेणी बसली. त्यातच १८७१ च्या कायद्याखाली ठिकठिकाणी गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, तो १९५२ साली पुसला गेला.

तांडा आजही हलतो, पण दुभंगून. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी इतर समाजांतील मजुरांबरोबर सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’! लदेणीच्या काळी तांडा निघे तो नायक, म्हातारेकोतारे, गाणी, सारे बरोबर घेऊन. आता म्हातारी माणसे मागे राहतात, लहानगी फडावर जातात, आणि शाळा सुटते ती बहुधा मुलीची. कोयत्याला जोड हवी म्हणून तिचे लग्नही लवकर उरकण्याचे प्रकार घडतात. आणि मेरा तर अविवाहित मुलींचाच!

बंजारा बोलीला स्वतःची लिपी नाही. मेराची गाणी थोरल्या मुलीकडून धाकटीकडे तोंडोतोंडी जातात. चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली मुलगी ती कोणाला शिकवणार? ऊसतोडीच्या दिवसांत मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे जिल्ह्यात चालतात. ती नीट चालली तर मुलीची शाळा टिकेलच. शिवाय अमावास्येच्या रात्री तांड्यावर दिवा घेऊन दारी येणारे कोणी उरेल.