भर पावसात रिकामे केलेले घर

जौनपूर येथील खरगसेन या श्रीमाळ जव्हेऱ्याच्या घरी विक्रम संवत १६५४ च्या माघ महिन्यात एकाच दिवशी तीन घटना घडल्या. अकरा वर्षांच्या मुलाचा विवाह होऊन नववधूने घरात पाऊल टाकले. त्याच दिवशी खरगसेनांना कन्या झाली. आणि त्याच दिवशी घरातील वृद्ध नानीने देह ठेवला. लग्न, जन्म आणि मरण एकाच छपराखाली, एकाच तिथीला! ज्या मुलाच्या लग्नाचा तो दिवस होता, त्याने पुढे या प्रसंगाची नोंद करताना म्हटले की, संसाराची ही विटंबना पाहून शहाणे विरक्त होतात आणि मूढांना त्यातले मर्म कळत नाही.

हा मुलगा म्हणजे कविवर पंडित बनारसीदास. ‘नाटक समयसार’ या ग्रंथामुळे त्यांचे नाव स्वाध्यायप्रेमी घरांतून परिचित आहे. परंतु त्यांनी आपले आत्मचरित्रही पद्यात लिहिले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून, पंचावन्नाव्या वर्षी इसवी सन १६४१ मध्ये आग्रा येथे त्यांनी हा ग्रंथ पूर्ण केला आणि त्याला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये तो मुंबईहून संपादित करून प्रकाशित केला. त्या ग्रंथातील एका पावसाळ्याची हकिकत प्रत्येक गृहस्थाने वाचावी अशी आहे.

विवाहानंतर काही महिन्यांतच, संवत १६५५ मध्ये, जौनपूरवर संकट आले. अकबर बादशहाचे राज्य होते आणि जौनपूरची सुभेदारी नवाब किलीचखानाकडे आली होती. त्याने शहरातील सर्व जव्हेऱ्यांना पकडून कोठडीत टाकले. त्याला काही मोठी मौल्यवान वस्तू हवी होती आणि ती कोणापाशीच नव्हती. एके दिवशी पहाटेच संतापून त्याने सर्वांना चोरांसारखे बांधून उभे केले, काटेरी कोरड्यांनी अर्धमेले होईपर्यंत मारले आणि मग सोडून दिले. घरी परतलेल्या जव्हेऱ्यांनी एकच विचार केला की, घरदार सुटले तरी चालेल, पण काळाच्या मुखात राहणे नको. ज्याने त्याने आपापले कुटुंब घेतले आणि दिशा फुटेल तिकडे वाट धरली.

खरगसेन पश्चिमेकडे निघाले. पावसाळा सुरू होता. ज्या काळात आपले मुनिजन जीवरक्षेसाठी विहार थांबवून एका स्थानी चातुर्मास करतात, त्याच काळात या श्रावकाला मारलेल्या अंगाने, बायकामुलांसह रस्त्यावर यावे लागले. कडा-माणिकपूरजवळील शहजादपूर येथे ते पोहोचले तेव्हा अंधारी रात्र होती आणि धो धो पाऊस कोसळत होता. धर्मशाळेच्या एका कोपऱ्यात सारे कुटुंब अनाथासारखे रडत बसले. पत्नी, पुत्र, दोन मुली, गाठीचे धन, हे सर्व जवळ होते. पण जे कालपर्यंत सुखाचे कारण होते, तेच त्या रात्री काळजीचे कारण झाले. बनारसीदास त्याचे कारण अचूक जैन परिभाषेत सांगतात : भोगांतराय कर्माचा उदय झाला होता.

येथेच हकिकत संपली असती, तर ती कर्मसिद्धांताचे एक उदाहरण एवढीच राहिली असती. पण रात्रीचा एक प्रहर उलटल्यावर भर पावसात कोणीतरी खरगसेनांच्या नावाने हाका मारीत, विचारपूस करीत धर्मशाळेत आले. तो त्याच गावचा करमचंद नावाचा माहूर वाणी होता. राम राम करून तो जवळ बसला. ‘आपण धनी, मी आपला सेवक, कृपा करून घोड्यावर बसा आणि माझ्याबरोबर चला,’ अशा अर्थाची त्याची विनवणी होती. त्याने आपले राहते घर या कुटुंबासाठी रिकामे केले होते आणि स्वतः दुसरीकडे बिऱ्हाड केले होते. घरात पाण्याचे कोरे घडे भरून ठेवले होते, खाटांवर चादरी आणि रजया होत्या, एक कोठार धान्याने भरलेले होते. खरगसेनांनी फार संकोच केला, नको म्हणून हट्ट धरला. तेव्हा करमचंदाने त्यांचे पाय धरले. हे कुटुंब शहजादपुरात दहा महिने राहिले.

या दोन प्रसंगांची तुलना करताना बनारसीदास म्हणतात की, ज्ञानी पुरुष संपत्तीत आणि विपत्तीत सारखाच राहतो. सूर्य उगवताना जसा आरक्त असतो, तसाच मावळतानाही असतो. ही समता श्रावकाने आयुष्यभर कमवायची आहे. तथापि येथे एक विवेक ठेवला पाहिजे. समता ही आपल्या दुःखासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखासाठी नाही. करमचंद जर आपल्या घरात बसून ‘ज्याच्या त्याच्या कर्माचा उदय’ असे म्हणत राहिला असता, तर ती समता नव्हे, निष्ठुरता झाली असती.

अंतराय कर्माचे पाच भेद आपण पाठशाळेत शिकतो : दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य. खरगसेनांच्या दुःखाकडे पाहताना आपण त्यांच्या भोगांतरायाचा विचार करतो. पण पाहणाऱ्याचे कर्म कोणते, हे विचारीत नाही. जवळ असूनही देण्याची बुद्धी होत नाही, तेथे पाहणाऱ्याच्या दानांतरायाचा उदय असतो. त्या रात्री शहजादपुरात घरे पुष्कळ होती. पावसात हाका मारीत बाहेर पडण्याचे भाग्य मात्र एकाच घरधन्याला लाभले. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त वैयावृत्त्य सांगताना आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीने आवासाचेही दान सांगितले आहे. ते मुख्यतः व्रतीजनांच्या सेवेसंबंधी असले, तरी निवारा देणे हे किती मोठे दान आहे, हे त्यातून समजते.

पुढचे दिवस हळूहळू पालटले. खरगसेन व्यापारासाठी इलाहाबादेस गेले. मागे राहिलेला मुलगा कवड्यांची खरेदी-विक्री करून एक-दोन टके मिळवू लागला आणि ते आजीच्या हाती देऊ लागला. नातवाची पहिली कमाई म्हणून आजीने कुळातील सतीच्या नावाने लाडू आणि बुंदी वाटली. रत्नांचा व्यवहार करणाऱ्या घराला कवड्यांच्या नफ्याचा आनंद झाला, कारण तो उमेदीचा आनंद होता. पुढे किलीचखान आग्र्यास गेल्याची वार्ता आली आणि खरगसेन जौनपुरास आपल्या घरी परतले.

आजही एखाद्याची पेढी बुडते, एखाद्याची नोकरी जाते, एखाद्या घरी दीर्घ आजार येतो. समाजात चर्चा होते, हळहळ व्यक्त होते आणि शेवटी ‘कर्माचे भोग’ असे म्हणून विषय संपतो. अशा कुटुंबाला अनेकदा मदत मागणे मदतीवाचून राहण्यापेक्षा जड जाते. खरगसेनांनीही काही मागितले नव्हते. करमचंदाने मागण्याची वेळ येऊ दिली नाही. उलट घेणाऱ्याचे पाय धरून त्याचा मान राखला.

ज्याने छळले त्या नवाबाचे नाव बनारसीदासांनी त्रेचाळीस वर्षांनंतरही लिहून ठेवले, आणि ज्याने घर दिले त्या वाण्याचेही. परंतु पावसाळ्यात स्वतःचे घर देणाऱ्याचा महिमा कोणत्या मुखाने वर्णावा, असे त्यांना वाटले ते वाण्याविषयी. यंदाच्या पर्युषणात क्षमा मागण्यासाठी आपण अनेक दारी जाऊ. त्यांपैकी एखाद्या दाराआड कोणी खरगसेन मूकपणे बसलेला असेल, तर त्याला नावाने हाक मारण्याची बुद्धी आपल्याला होवो.