बोटीवर जायचे तर मोटारच हवी का?



आपल्या नात्यागोत्यात सध्या क्रूझचे वेड शिरले आहे. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला की मुले मुंबई-गोवा बोटीचे तिकीट काढून देतात. कौतुकच आहे. आम्हा वाशिमकरांना समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला, तो असा तरी दिसतो. माझे भांडण बोटीशी नाही. ते आहे सीएसएमटी स्टेशन आणि बॅलार्ड पिअरचा धक्का यांच्यामधल्या जेमतेम दीड किलोमीटरशी!

हिशेबच मांडतो. वाशिम ते अकोला एसटीने ऐंशीएक किलोमीटर. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. अकोल्याला रात्री विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. इथवर सगळे खिशाला झेपणारे. पुढे? काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपये ठरले. पण हातात दोन बॅगा आणि तोंडात वऱ्हाडी बोली दिसली की मीटर झोपी जातो. मला अडीचशे सांगितले होते. भाडे नाकारणे मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे खरा, पण परक्या शहरात भल्या सकाळी तो कलमाचा आकडा कोण कोणाला शिकवणार?

आता धक्क्याकडे बघा. २० सप्टेंबर २०२५ ला तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख प्रवाशांची क्षमता, तपासणीचे ७२ काउंटर, तीनशेहून जास्त मोटारी उभ्या करायची सोय, असे आकडे अभिमानाने सांगितले गेले. मोटारी मोजल्या, रेल्वेने येणारा माणूस मोजला का? ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो सीएसएमटीला पोचली, पण ती तिथून कफ परेडला जाते, धक्क्याला नाही.

हे जमत नाही असे कोणी सांगू नये. साहेबाच्या काळात बॅलार्ड पिअर मोल नावाचे स्टेशन थेट धक्क्यावर होते. सप्टेंबर १९२८ मध्ये सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल, विलायतेची डाकबोट आली की तिथूनच सुटे. साहेब बोटीतून उतरला की समोर गाडीचा डबा! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते स्टेशन बंद पडले. साहेबासाठी अख्खी आगगाडी धक्क्यावर नेता येत होती, मग आपल्या लोकांसाठी एक बस नेता येत नाही?

कोणी म्हणेल, "गुरुजी, बोटीला हजारो रुपये मोजणाऱ्याने टॅक्सीच्या दोनशेसाठी का रडावे?" अहो, ते हजारो बहुतेकदा मुलांनी भरलेले असतात. शिवाय बोटीवर फक्त प्रवासी जात नाहीत. तिथे भांडी घासणारी, खोल्या झाडणारी पोरेही बॅग घेऊन रेल्वेनेच येतात. आणि सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धक्क्यावर सार्वजनिक वाहनाने पोचता यावे, हा श्रीमंत-गरिबीचा प्रश्नच नव्हे.

बेस्ट तोट्यात आहे, हेही मान्य. पण क्रूझच्या तिकिटावर बंदर-शुल्क वेगळे लावलेले असते. मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे १० रुपये झाले, पाच किलोमीटरपर्यंत. तेवढे त्या शुल्कातून बेस्टला द्या. बोटींच्या तारखा महिनोन्महिने आधी ठरलेल्या असतात. त्या दिवशी स्टेशनच्या दारातून, बोटीची वेळ धरून, बॅगा ठेवायला जागा असलेली बस सोडा. स्टेशनवर मराठीत फलक लावा: धक्का किती लांब, मीटरचे भाडे किती, तक्रार कुठे करायची.

तोवर जाणाऱ्यांनी एवढे करावे. दोन जोडप्यांनी मिळून एक टॅक्सी करावी आणि मीटर पाडल्याशिवाय बसू नये. सामान हलके असेल तर जीपीओच्या बाजूने बाहेर पडून बॅलार्ड इस्टेटमधून चालत जावे, वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आणि परत आल्यावर बंदर प्राधिकरणाला एक पत्र जरूर टाकावे. शंभर पत्रे गेली तर उत्तर द्यावेच लागेल.