‘उदात्त पेशा’ची किंमत

नारायण सुर्वे यांची कविता वर्गात शिकवताना आपण ‘कामगार’ हा शब्द फळ्यावर लिहितो, त्याचे अर्थपदर उलगडतो आणि तास संपला की हजेरीपट उचलून शिक्षक-कक्षात परततो. शिकवणारा स्वतः कामगार आहे की नाही, हा प्रश्न त्या तासात कोणी विचारीत नाही. न्यायालयात मात्र तो विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर साहित्याच्या माणसांनी बारकाईने वाचावे असे आहे.

गोव्यातील एका खासगी शाळेने १९७५ साली एका शिक्षिकेची सेवा संपुष्टात आणली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली तिला दाद मागता येते काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १९८८ मध्ये, तेरा वर्षांनी. तत्पूर्वी १९७८ साली, बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात, सात न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ होय असे ठरवले होते. अर्धी वाट त्यामुळे मोकळी होती. अडले ते ‘कामगार’ या शब्दापाशी. कुशल वा अकुशल अंगमेहनतीचे, देखरेखीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा तो कामगार. शिक्षकाचे अध्यापन यांपैकी कशातच बसत नाही, ते एक व्रत आहे, उदात्त पेशा आहे, असे न्यायालयाने म्हटले. शाळा उद्योग, शाळेतला कारकून कामगार, शिक्षक मात्र नव्हे!

कायद्याच्या शब्दांचा हा अन्वयार्थ चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. खटकतो तो गौरव. व्याख्येत न बसणे ही कोरडी बाब; तिच्यावर शाल पांघरली की हक्क नाकारला गेला हे नाकारलेल्यालाही जाणवत नाही. मराठीत तर ही शाल केव्हाचीच विणून ठेवली आहे. ‘ज्ञानदान’ म्हटले की मोबदला मागणे ओशाळवाणे ठरते, कारण दान करणारा मोल कसे मागणार? ‘मानधना’त मान आधी येतो, धन मागाहून, आणि पुष्कळदा फारच मागाहून. २००० साली राज्यात योजना आली तिचे नाव ‘शिक्षणसेवक’. आणि महाविद्यालयांत तासांवर मोजून पैसे देण्याच्या व्यवहाराला आपण ‘तासिका तत्त्व’ म्हणतो. यात तत्त्व कोणते, हे भाषेच्या अभ्यासकांनी एकदा शोधावेच.

व्याख्या दगडावर कोरलेली नसते, याचा पुरावा उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, इतिहासात आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दातही शिक्षक येत नाही असे ठरवले. २००९ मध्ये संसदेने तो शब्दच रुंदावला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. खासगी शाळांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. २०२२ साली ते फेटाळले गेले. एका व्याख्येतील काही शब्द बदलले आणि शिक्षकांच्या निवृत्तीनंतरच्या दिवसांना थोडा आधार मिळाला. शैलीविज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही.

‘कामगार’ हा शब्द मात्र असा रुंदावलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्यातील कामगाराच्या व्याख्येत श्रमिक पत्रकारांचा नावाने उल्लेख आहे, शिक्षकांचा नाही.

महाराष्ट्रातील खासगी शाळांपुरता १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. सेवासमाप्तीचा आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण आदेश हाती पडतो कुठे? ‘जूनपासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले जाते, आणि आयुष्यभर शब्दप्रामाण्य शिकवणारा माणूस ते लेखी मागत नाही. नियुक्तिपत्राची प्रत, पगाराची बँकेतील नोंद, स्वतःचे वेळापत्रक, हजेरीपटावरील सह्या यांतले आपल्याजवळ काय आहे, असे आम्ही तासिका तत्त्वावरील काही सहकाऱ्यांना विचारले. बहुतेकांनी संस्थाचालक घरच्यासारखे आहेत असे सांगितले.